उन्हाळी ठोके

माझ्या कामाचं सॉफ्टवेअर उघडलं की ते आधी माती विचारतं. वरून खाली एकेक थर. जाडी किती, वजन किती, चिकटपणा किती, घट्टपणा किती. प्रत्येक थराला एक ओळ आणि प्रत्येक गुणाला एक चौकट. मग ते पाइल विचारतं, म्हणजे जमिनीत खोल उतरवायचे काँक्रीटचे खांब. किती, किती जाड, एकमेकांपासून किती अंतरावर. शेवटी वरचं ओझं विचारतं. सगळं भरून बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात सांगतं, हा खांबांचा समूह किती खचेल आणि वाऱ्याने किती सरकेल. बारा वर्षं मी अमरावतीत एका तिसऱ्या माळ्यावरच्या ऑफिसात बसून हेच करतो आहे. पण हल्ली पहिल्या थराची ओळ आली की माझा हात थांबतो. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारते, सर, हँग झालं का? मी म्हणतो, हो.

माझे बाबा अकोल्याला एका बोअरिंगवाल्याकडे तीस वर्षं होते. पाण्याचं बोअरिंग नव्हे, मातीचं. टाकी, पूल, मोठी इमारत, काहीही बांधायचं असलं की आधी तिथली माती कशी आहे ते पाहावं लागतं. तीन लांब पाइपांची तिपाई उभी करायची, तिच्या कप्पीवरून दोर टाकायचा, दोराला त्रेसष्ट किलोचा हातोडा. चार गडी दोर ओढतात, हातोडा वर जातो, सुटतो, खालच्या रॉडवर आदळतो. रॉड फूटभर खाली जायला किती ठोके लागले ते मोजायचं. जास्त ठोके म्हणजे माती घट्ट, कमी ठोके म्हणजे पोचट. आमचं सगळं शास्त्र, सगळी रंगीत चित्रं, त्या ठोक्यांवर उभी असतात, हे आम्ही एसीत बसणारे सहसा कबूल करत नाही.

बाबा ठोके मोठ्याने मोजायचे. वर आलेली माती चिमटीत धरून चोळायचे, वास घ्यायचे, कधी जिभेच्या टोकाला लावून थुंकायचे. खारपाणपट्ट्यातली असली की म्हणायचे, "खारी हाय." मग हे सगळं नोंदीच्या कागदावर, म्हणजे लॉगवर, लिहायचे, दहावी नापास माणसाच्या अक्षरात. आकडे तर असायचेच, पण शेऱ्याच्या रकान्यात 'ओल्या साबनावानी', 'इथून रेती, चावली तं दात करकरते' असलंही असायचं. त्या कागदाच्या तळाशी एक चौकट असते: नोंद घेणाऱ्याची सही. तीस वर्षांत त्या चौकटीत बाबांची सही एकदाही झाली नाही. संध्याकाळी त्या बोअरिंगच्या एजन्सीचा कोणी इंजिनीअर गाडीतून यायचा, काच खाली करून कागद घ्यायचा आणि बॉनेटवर ठेवून सही मारून जायचा.

आमच्या घरात कागदावरच्या नावाला फार किंमत. माझ्या आजोबांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या वावरात गेला. मी इंजिनीअर झालो तेव्हा बाबांनी माझी पदवी फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली. आल्यागेल्याला चहाच्या आधी ती दाखवायचे. मला लाज वाटायची. चांगल्या गोष्टींची लाज वाटण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हता.

तर, खारपाणपट्ट्यातल्या एका गावाला पाण्याची उंच टाकी बांधायची होती. तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, बाहेरून गोडं पाणी आणून टाकीत चढवायचं होतं. पायाचं डिझाइन आमच्या ऑफिसकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. आणि मातीचं काम योगायोगाने बाबांच्या एजन्सीकडे गेलं. त्या वैशाखात बाबांनी शेवटचं बोअर मारलं आणि काम सोडून अमरावतीला आमच्याकडे राहायला आले. नोंदीचा कागद स्वतः घेऊन आले. माझ्या हातात देताना त्यांनी तळच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"एक काम करजो बाबू. या डब्यात माही सही राहू दे. तुह्या फाइलीत. शेवटचंच बोर हाय माह्यं."

बाबांनी माझ्याकडे काही मागितलं असं तेवढं एकदाच.

"पाहू," मी म्हणालो.

त्या कागदावर वरच्या तीन मीटरच्या आकड्यांपुढे त्यांनी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: उनाळी ठोके. मी विचारलं, हे काय? तेव्हा मी घरी लॅपटॉपवर तीच टाकी मांडत बसलो होतो. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"वैशाखात आपली काळी गोट्यावानी अस्ते. तिले ठोकलं तं ते काय खरं सांगनार? बावीस ठोके, चोवीस ठोके. सरावनात तिथंच ठोक, रॉड सोताहून खाली जाईन." मग स्क्रीनकडे बघत म्हणाले, "यात पाऊस कुठी टाकतेत रे?"

"पाऊस नाई टाकत बाबा. माती टाकतेत."

"माती तं पान्यानंच ठरते."

मी विषय बदलला. त्यांना नऊ खांबांचं चित्र दाखवलं, तीन ओळी, प्रत्येकीत तीन. सांगितलं की नऊ खांब म्हणजे एका खांबाच्या नऊपट ताकद नसते. एक खचला की मातीसकट शेजारच्यालाही खाली ओढतो. आणि ओझंही सारखं वाटलं जात नाही, कोपऱ्यातल्या खांबांवर जास्त येतं, मधल्यावर कमी. मला वाटलं होतं, हे ऐकून ते चकित होतील.

"हे तं आमाले ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "तिपाईचा पाइप खांद्यावर नेतानी टोकाच्या दोघायवरच वजन येते. मधातला नुस्ता चालते."

वऱ्हाडात मातीची सगळी बोअरं होळी ते मृग या दिवसांत होतात. पाऊस पडल्यावर काळ्या रानात गाडी जात नाही, गेली तर निघत नाही. म्हणून आमच्याकडची माती कागदावर कायम उन्हाळ्यातलीच असते, टणक आणि रुबाबदार. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी लिहीत नाही. खोलवर त्याने फरक पडत नाही म्हणा. पण उंच टाकीला वारा आडवा ढकलतो, आणि तो आडवा धक्का मुख्यतः वरच्या दोन-तीन मीटरच्या मातीनेच झेलायचा असतो. मी हे शिकलेलो होतो, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. तरी बावीस आणि चोवीस हेच आकडे मी चौकटीत भरले. आकडा बापाचा असला की पोराला तो आकडाच दिसतो, शेजारचा शब्द दिसत नाही.

ऑफिसात माझ्या वरच्या सरांनी मूळ कागद पाहिला आणि चष्मा वर केला. "उनाळी ठोके? उन्हाळी कांदे ऐकले होते बुवा." सगळे हसले. मीही हसलो. "कोणाचा लॉग आहे हा?" सरांनी विचारलं.

"एजन्सीचा," मी म्हणालो.

मग मी तो नीट इंग्रजीत टाइप करून घेतला. साबण, रेती, दात, सगळं काढलं. लाल पेन्सिलीचे दोन शब्दही काढले. खालच्या चौकटीत एजन्सीच्या इंजिनीअरची सही आणली, कारण दहावी नापास माणसाची सही चालते की नाही याची मला शंका होती. मी कोणाला विचारलं मात्र नाही. घरी बाबांनी दोनदा विषय काढला, मी दोनदा म्हणालो, फाइल अजून गेली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी काढला नाही.

श्रावण संपता संपता फाइल परत आली. डिझाइन तपासणारे प्राध्यापक होते, त्यांनी एकच शेरा मारला होता. वरच्या थराचे आकडे कोरड्या दिवसांतले दिसतात, ओल्या मातीचे आकडे घेऊन गणित पुन्हा करा. सोमवारपर्यंत सुधारून दिलं नाही तर पायाचं काम पुढच्या उन्हाळ्यावर जाणार होतं, म्हणजे त्या गावाला आणखी एक वर्ष खारं पाणी. सर म्हणाले, "आकडे तू भरलेस, तू निस्तर." मी एजन्सीला फोन केला. ते म्हणाले, टाकीच्या जागेकडे जायला नुसती पांदण, शेतातली कच्ची वाट, तिच्यात गुडघाभर चिखल आहे, दसऱ्याआधी बोअरिंगचं सामान जाणं शक्य नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांवर चिडलो. एजन्सीवर, प्राध्यापकांवर, पावसावर. आई म्हणाली, जेव आधी. 'म्या सांगतलं होतं' हे तीन शब्द बाबांच्या हक्काचे होते. त्यांच्या जागी मी असतो तर ते भिंतीवर रंगवून घेतले असते. त्यांनी भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाले, "पोयाले जोडीदाराच्या गावी जाऊन येतो. लय दिवस झाले."

जोडीदार म्हणजे त्यांच्या बरोबर तीस वर्षं त्याच हातोड्यावर काम केलेले काका. अकोल्याकडच्या एका गावात त्यांची थोडी काळी आहे, एक बैलजोडी आहे. मला राग आला. इथे माझी नोकरी टांगणीला लागली आणि हे पोळ्याला चालले. मी त्यांना बसस्टँडवर सोडायलाही गेलो नाही.

पोळा शुक्रवारी होता. रविवारी दुपारी एजन्सीवाल्याने मोबाइलवर एका नोंदीच्या कागदाचा फोटो पाठवला. मी फोन केला तर म्हणाला, "झालं काम, केलं कसंतरी." वरच्या तीन मीटरचे ठोके: चार, पाच, सहा. कागद बघून मला भरून आलं. स्वच्छ इंग्रजी, गोल अक्षर, प्रत्येक आकडा रकान्याच्या मधोमध. शेऱ्यात एक फालतू शब्द नाही. मी लगेच आकडे भरले आणि बटण दाबलं. टाकी पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त सरकत होती. नऊ खांब पुरणार नव्हते. मी दहा करून पाहिले, मग बारा केले, चार ओळी तीन-तीनच्या, तेव्हा कुठे गणित मर्यादेत बसलं. प्राध्यापकांनी तो शेरा मारला नसता तर माझ्या नऊ खांबांवर टाकी उभी राहिली असती, आणि खाली लोक नळाला हंडे लावून बसले असते.

सोमवारी सकाळी मूळ कागद एका पाकिटातून आला. खालची सहीची चौकट रिकामी होती. रिकामी चौकट दिसली की फाइल परत येते. नोंद कोणी घेतली हे विचारायला एक फोन पुरला असता. मला घाई होती. मी पेन काढलं आणि त्या चौकटीत माझी सही केली.

बाबा रविवारी संध्याकाळीच परत आले होते. टाचांच्या भेगांत काळी माती, अंगात कणकण, खोकला. सदरा काढला तर दोन्ही खांद्यांवर जाड लाल वळ. आई हळद-तेल गरम करून चोळत होती आणि बडबडत होती की या वयात पोराटोरांसारखं कुठे उलथायला गेले होते. बाबा मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बैलायची खांदशेकनी पोयाच्या आंधी होते. माही मांगून झाली." मला हसू आलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, हे मला माहीत होतं. वळ कसले ते मी विचारलं नाही.

मंगळवारी प्राध्यापकांनी डिझाइन पास केलं. मी खुशीत होतो. खुशीत माणूस जितका दुष्ट होतो तितका रागात होत नाही. मी त्या नव्या नोंदीची झेरॉक्स घरी आणली आणि खाटेवर पडलेल्या बाबांच्या हातात दिली.

"हे पाहा. याले म्हनतेत लॉग. एक शब्द फालतू नाई. तुमच्यावानी साबन अन् दात नाई."

बाबा उठून बसले. चष्मा लावला. कागदावरून वरून खाली बोट फिरवत आले, थर बघत, ठोके बघत, आणि शेवटी चौकटीवर थांबले.

"हे सही कोनाची हाय?"

"माही."

ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, अभिमान वाटतो आहे.

"चांगली करतं तू सही," ते म्हणाले आणि कागद परत दिला.

तो खोकला गेलाच नाही. दिवाळीत वाढला, थंडीत छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीपासून थकलेली आहेत. मी त्यांच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसायचो. एकदा त्यांनी विचारलं, टाकीचं काम कुठवर आलं? मी सांगितलं, खांब झाले, बारा. "बारा," त्यांनी मोजल्यासारखं म्हटलं आणि डोळे मिटले. माघात ते गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अकोल्याहून काका आले. कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली, मी त्यांना चहा दिला. त्यांनी पिशवीतून एक दुपट्टा काढला. बाबांचा, गळ्यात असायचा तो.

"माह्याकडंच राहून गेलता. पोयाच्या दिवशी. लय धुतला, पन काळीचा डाग काई गेला नाई."

"चिखलात कुठे गेले होते?" मी सहज विचारलं.

काकांनी कप खाली ठेवला. "तुले ठाऊक नाई? तुह्याच तं कामाले आलते."

मग त्यांनी सांगितलं. बाबा पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या दारात उभे राहिले. एजन्सीच्या मालकाच्या हातापाया पडून जुनी तिपाई, रॉड आणि हातोडा गावापर्यंत मागून आणला होता. टाकीची जागा काकांच्या गावाजवळच, पण डांबरी रस्त्यापासून अर्धा कोस पांदणीत. काका म्हणाले, एक दिवस थांब, पोळा होऊ दे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपू. बाबा म्हणाले, पोराची फाइल सोमवारी जाते, बोअरालाच दोन दिवस लागतील. म्हणून बैल सजून उभे राहिले आणि सामान माणसांनी उचललं. काका, बाबा आणि गावातले तीन गडी.

"म्या म्हटलं, तू मधात राहा, तुह्या छातीचं तुले ठाऊक हाय. ऐकलंच नाई. टोक धरलं. पाइपाचं बी अन् हातोड्याच्या दांडीचं बी. दोन खेपा केल्या. अन् ठोके त्यायनंच मोजले, मोठ्यानं. शेजारच्या वावरातली मानसं पाहाले आलती."

"आणि तो कागद? ते अक्षर?"

"माह्या पोरीनं लिवला. पॉलिटेक्निकले हाय ते. तुह्या बाबानं सांगतलं, तिनं इंग्लिशमंदी केलं. मालकाले म्हने, माह्यं नाव घेऊ नका." काकांनी दुपट्ट्याची घडी उगाच नीट केली. "म्या लय म्हटलं, सही कर लेका, खालचा डबा रिकामा हाय. पेन हातात देला त्याच्या. नाई म्हने. माही सही पायली तं पोरगं आकडे घेनार नाई."

मी दुपट्टा मांडीवर घेऊन बसलो होतो. आतल्या खोलीत आई भांडी लावत होती. मला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवून रडायचं होतं, पण तो माणूस समोर नव्हता, समोर काका होते. मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती: खाटेवर बसलेले बाबा, आणि कागदावरून खाली येत येत चौकटीवर थांबलेलं त्यांचं बोट. ते आपलेच ठोके वाचत होते. मी शेजारी उभा राहून त्यांना सांगत होतो की लॉग कसा असावा.

काकांनी बशीत चहा ओतला.

"मंग घेतले नं तू आकडे?"

"घेतले, काका. त्याच्यावरच बारा खांब केले. टाकी त्याच्यावरच उभी राहते."

त्यांचा चेहरा उजळला. ते थोडे पुढे झुकले, आणि तेव्हा मला कळलं की बाबांनी त्यांना सहीचं काहीच सांगितलेलं नव्हतं.

"अन् आकडे पास झाल्यावर तं अडचन नव्हती. मंग त्या डब्यात त्यायचीच सही घेतली असन तू?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं बाप्पा," काका म्हणाले, आणि निवांत चहा प्यायले.